बेपत्ता क्रिसांतोची बातमी

"हा नव्हे गं पोरी तो आवाज," बेनिग्नामावशी म्हणाली. "हा मतं मागायचा आवाज आहे. मला तुझा टीव्हीवरचा हवाय."

लुदीताईंनी नुकतंच तिचे दोन्ही हात धरून, जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं होतं, की मावशी, क्रिसांतो आता येणार नाही. मावशीने ते ऐकलं आणि भाव न पटल्यावर मासळी टोपलीत परत टाकावी तसं परत टाकलं.

मी दारात उभा होतो. सेतो माझं नाव. टीव्हीत असताना मी लुदीताईंचा कॅमेरामन होतो. त्या महापौरपदाला उभ्या राहिल्या आणि माझ्या खांद्यावरचा कॅमेरा जाऊन हातात जीपचं चाक आलं. बढती म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा.

काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानंतर इथे, तालिसायच्या किनाऱ्यावरच आम्ही बातमी द्यायला उभे होतो. ताईंचा रेनकोट फडफडत होता, मागे समुद्र अजून गढूळ होता. त्यांनी साऱ्या देशाला सांगितलं, "क्रिसांतो ओबिना हा मच्छीमार बेपत्ता आहे. तो सापडेपर्यंत आम्ही ही बातमी सोडणार नाही." मग दुसऱ्या बातम्या आल्या आणि आम्ही ही सोडली. त्याच्या बायकोने, मावशीने, नाही सोडली. पाद्रीबाबा सांगून थकले, शेजारणी भांडून थकल्या. तिचं एकच: "टीव्हीवर बेपत्ता सांगितलंय. गेला असता तर त्याच पोरीने सांगितलं असतं की!" म्हणून मयताची मेणबत्ती नाही, नऊ दिवसांची प्रार्थना नाही. जेवताना त्याचं ताट मात्र रोज मांडलेलं.

ताई दर वर्षी यायच्या, पाव घेऊन. निघताना मावशी फाटकापर्यंत सोडायला यायची. "कळलं की सांग हं," म्हणायची, आणि वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहायची. प्रचारात आम्ही मयताच्या घरी इतके जायचो, की असं कुणी सोडायला आलं की बरं वाटायचं. मयताच्या घरून निघालेल्या पाहुण्याला घरचं माणूस दारापर्यंतसुद्धा सोडत नाही. सोडलं तर मरण त्याच वाटेने पुन्हा येतं.

"माझं काळीज थकलंय म्हणतो डॉक्टर," मावशी म्हणाली. "माझ्यामागे त्याच्यासाठी कोण मेणबत्ती लावणार? मी विधवा आहे की नाही, तेवढं सांगून टाक बाई. आणि सगळ्यांसमोर सांग, तेव्हा सांगितलंस तसं."

आमचे वकील लुस्त्रे, प्रचाराचं सगळं तेच बघायचे, ते ताईंना अंगणात घेऊन आले. "मॅडम, मतदान तोंडावर आलंय. भोंग्यावरून माणूस मेला म्हणून सांगणार? समोरचा म्हणेल, बाईने शब्द दिला आणि गिळला."

"गिळलाच आहे की, वकीलसाहेब."

"अहो, पण आपल्याच तोंडाने कशाला सांगायचं?"

"मग कोणाच्या तोंडाने सांगू?"

दुपार टळटळीत होती. समुद्र आणि आभाळ एक झालेलं, होड्या मधेच कुठेतरी टांगल्यासारख्या दिसत होत्या. मी जीपच्या भोंग्यावरचं प्रचाराचं गाणं बंद केलं आणि माइक ताईंच्या हातात दिला. गाव एकाएकी इतकं शांत झालं, की वाळत घातलेल्या मासळीवरच्या माश्या ऐकू यायला लागल्या.

"सेतो, कॅमेरा आहे?"

"घरी पेटीत आहे, ताई."

"मग नुसता उभा राहा. असायचास तिथे."

मी उभा राहिलो. काय सांगू, खांदा आपोआप वर झाला, एक डोळा मिटला, आणि त्या मिटल्या डोळ्यात मला तेच वादळानंतरचं पाणी दिसलं. मी बोटांनी खूण केली. तीन, दोन, एक. ताईंची मान सरळ झाली. उमेदवाराचं ते गोड हसू उतरलं आणि बातम्या देणारी माझी जुनी ताई समोर आली.

"तालिसायहून लुदिविना आब्रेनिका. त्या वादळात बेपत्ता झालेला मच्छीमार क्रिसांतो ओबिना समुद्रात बुडून मरण पावला आहे. आम्ही त्याला शोधू म्हटलं होतं. आम्ही शोधलं नाही. त्याची बायको बेनिग्ना हिने एवढी वर्षं त्याची वाट पाहिली. बातमी संपली."

ताईंचा आवाज शेवटच्या दोन शब्दांवर फुटला. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत तो कधी फुटला नव्हता.

मावशीने छातीवर क्रूस काढला. "हा तोच," म्हणाली, आणि आत गेली.

मग जे झालं ते मी पाहिलं की मला ऊन लागलं होतं, कोण जाणे. घराघरांतून बाकं निघाली. कुणी कॉफीचं पातेलं आणलं, कुणी बिस्किटं, मयताच्या जागरणासाठी म्हाताऱ्यांनी पत्ते आणले. जणू सगळं गाव इतकी वर्षं चपला घालूनच बसलं होतं. शवपेटी कुठली? टेबलावर क्रिसांतोचा एक निळा शर्ट पसरला, दोन मेणबत्त्या लागल्या. मावशी पहिल्यांदा रडली. मोठ्याने, भांडल्यासारखी, "इतका उशीर करतात होय रे?" म्हणत. मीही रडलो, लाज कसली त्यात.

आम्ही निघालो. वकीलसाहेब तोंड पाडून पुढे जाऊन बसले. मी जीप सुरू केली, तरी ताई फाटकापाशी थांबल्या. सवयच ती. त्या मागे वळून पाहत राहिल्या.

फाटक उघडं होतं. अंगणात कोंबड्या टिपत होत्या. आमच्यासोबत कुणीच आलं नव्हतं. खिडकीत मावशी पाठमोरी उभी होती, शर्टाची कॉलर नीट करत.

"चल सेतो," ताई म्हणाल्या. "ती येणार नाही आता."