नऊ नंबरचं झाकण

चेसिस नंबरातलं आठवं अक्षर तिने तिसऱ्यांदा वाचलं. काचेवरची धूळ रुमालाने पुसली, टॉर्च तिरका धरला, तरी अक्षर काही बदललं नाही. कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे हे अक्षर असलेलं इंजिन फक्त पेट्रोलवर चालणारं. इथेनॉलचं नवं मिश्रण त्याला वर्ज्य. टाकीचं झाकण मात्र पिवळंजर्द होतं, म्हणजे इथेनॉल बिनधास्त भरा.

गाडी रुग्णालयाची, नऊ नंबरची व्हॅन. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या पेशंटांना घरून आणायची आणि परत सोडायची. ती स्वतः त्याच रुग्णालयाच्या गॅरेजात वाहन तपासनीस होती. तोंडावर सगळे तिला 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'भिंग'. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

एक तारखेपासून ज्या गाड्यांना चालेल त्या सगळ्या नव्या इंधनावर न्यायच्या, असा हुकूम आला होता. कोणत्या गाडीला चालेल हे ठरवण्यासाठी ऑफिसातल्या एका कारकुनाने मोबाइलवर झाकणांचे फोटो काढले. पिवळं झाकण दिसलं की गाडी यादीत, काळं दिसलं की बाहेर. हातच्या कांकणाला आरसा कशाला! यादी वर गेली, गाड्यांची इंधनकार्डं बदलून आली, आणि मग कोणाला तरी आठवलं की तपासनिसाची सही राहिली. वरात निघून गेल्यावर नवरदेवाला बोलावणं धाडावं तशी ही तपासणी होती.

तिने टाकीची झडप उघडून आतली बाजू पाहिली. मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला तिथे कंपनीचं स्टिकर असतं. इथे स्टिकर नव्हतंच, गोंदाचा डागही नव्हता. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. गॅरेजच्या मागे एक भंगार व्हॅन विटांवर उभी होती, आणि ती मिश्रणावर चालणारी होती. तिने मागे जाऊन पाहिलं. त्या व्हॅनच्या टाकीचं तोंड उघडं होतं.

गॅरेजची रीतच तशी. काही हरवलं की स्टोअरकडे अर्ज करायचा आणि दोन महिने वाट बघायची. त्यापेक्षा मागे जाऊन जे बसेल ते काढून आणणं बरं. आरसा, वायपर, दाराची मूठ, सगळं असंच चालायचं. याला कोणी चोरी म्हणत नसे की चूक म्हणत नसे, याला 'जुळवाजुळव' म्हणत. झाकण टक्क करून बसलं म्हणजे झालं. त्याचा रंगही काही सांगत असतो, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

नऊ नंबरवर अकरा वर्षं एकच ड्रायव्हर होता. तो तिचा नवरा.

संध्याकाळी तो मटार सोलत बसला होता, तेव्हा तिने विचारलं. त्याने सहज सांगून टाकलं की जुनं झाकण कुठल्याशा पंपावर विसरलं, मागच्या भंगार गाडीचं बसलं, त्याला झाली तीन वर्षं. मग तिने फॉर्मचं सांगितलं. गाडी 'नाही' ठरवली तर कारण लिहायचं, आणि विनापरवाना भाग बसवला असेल तर तो कोणी बसवला तेही. असा भाग बसवणाऱ्या ड्रायव्हरला गाडीवरून उतरवायचं, हा नियम गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेला होता. आजवर कोणालाच उतरवलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

"उद्या काळं झाकण आणून बसवतो," तो म्हणाला. "सुंठेवाचून खोकला गेला."

"अहो, फोटो गेलाय. कार्ड बदललंय. एक तारखेपासून नऊ नंबरला आपल्या पंपावर साधं पेट्रोल मिळणारच नाही."

"मग भरू दे नवं. चार दिवसांत गाडी अडखळायला लागेल, आपोआप यादीतून निघेल. तू कशाला मध्ये पडतेस?"

"नुसती अडखळली तर ठीक आहे. आतला रबरी पाइप मऊ पडतो, झिरपायला लागतो. खाली इंजिन तापलेलं. आणि मागे पेशंट असतात."

मागे कोण असतं हे त्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यातल्या दोघांना तर आपण होऊन उतरताही येत नसे, त्यांना तोच उचलून बसवायचा आणि पट्टे लावायचा. त्याने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या.

"माझं नाव लिहिशील?"

"तिथं विचारलंय."

"लिही मग. पण दरवर्षी गाडी पास कोण करतं गं? तीनदा झालीय तपासणी, ह्याच झाकणावर."

तीन वर्षांचे तीन तक्ते, प्रत्येकावर 'टाकीचे झाकण: ठीक' आणि खाली तिची सही. झाकण घट्ट बसतं का, गळतं का, हे तिने दरवेळी पाहिलं होतं. रंग दिसला नव्हता. म्हणे भिंग!

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजच्या साहेबांपुढे फॉर्म ठेवला. निष्कर्ष 'नाही', आणि नवऱ्याचं नाव स्वच्छ अक्षरात. मग ती स्वतःच्या तक्त्यांबद्दल सांगू लागली. साहेबांनी हात वर केला.

"ते फॉर्मवर कुठे विचारलंय, बाई? एका घरातले दोघं कशाला अडकवता? तुम्ही गेलात तर तपासणी करणार कोण?"

तिला म्हणता आलं असतं की विचारलं नसलं तरी लिहून घ्या. आपलेच दात, आपलेच ओठ. पण चावा एकट्या त्यालाच बसत होता, आणि ती गप्प राहिली. लाज वाटली. लाजेच्या आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याबद्दल तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

नऊ नंबर यादीतून निघाली आणि पेट्रोलवरच चालत राहिली. काहीही झालं नाही. गाडी अडखळली नाही, पाइप झिरपला नाही, कोणाला खरचटलंही नाही. न घडलेल्या अपघाताबद्दल कोण कोणाचे आभार मानतं? नवऱ्याला मात्र गाडीवरून उतरवून फाटकावर बसवलं. नव्या ड्रायव्हरला पट्टे नीट लावता येत नसत. व्हॅनमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला हटकून विचारलं, "आमचा माणूस कुठं गेला गं?" बदली झाली, असं ती म्हणाली.

तिने त्याच जातीच्या जुन्या पाइपचा तुकडा बरणीत नव्या इंधनात बुडवून ठेवला होता. चाळीस दिवसांनी तो फुगला, इतका मऊ झाला की नख आत रुतायचं. ती तो कागदात गुंडाळून घरी घेऊन आली. त्याने दाबून पाहिला.

"बरोबर होतीस," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. आवाजात राग नव्हता. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरात तो बोलायचा, पण कामापुरतं. पूर्वी दोघं एका स्कूटरवर यायची. आता त्याची पाळी तासभर आधी लागायची म्हणून तो चालत पुढे जायचा.

फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायची, असा नियम होता आणि तो कोणी पाळत नसे. गॅरेजची माणसं मान हलवायची, तो आडवा बांबू वर करायचा. तिच्यापुढे मात्र पहिल्याच दिवशी वही आली. तिला थट्टा वाटली. तिने हसून पाहिलं, तर तो पेनाचं टोपण काढून उभा होता. तेव्हापासून ती रोज लिहायची: नाव, वेळ, काम. मागे गाड्यांची रांग लागायची, कोणीतरी हॉर्न वाजवायचं, कोणीतरी हसायचं. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, नियमच आहे तो.

एका सकाळी मागे नऊ नंबर उभी होती, आत पेशंट होते. तिने घाईघाईने खरडून वही परत दिली. त्याने ओळीवरून बोट फिरवलं आणि वही पुन्हा तिच्यापुढे धरली.

"एक रकाना राहिला, बाई," तो म्हणाला. "कुठून आलात?"

अकरा वर्षं जी गाडी त्याने चालवली, तिच्या काचेतून म्हाताऱ्या बाई त्याला हात करत होत्या. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पेन घेतलं, आणि त्या रकान्यात 'घरून' असं लिहिलं. त्याने ते वाचलं, वही मिटली आणि बांबू वर केला.