जंतू दाखवणारा दिवा

हॉलमधले सगळे दिवे मालवून शुद्धीसरांनी हातातला जांभळा दिवा लावला आणि खुर्च्यांवरच्या माणसांनी श्वास रोखला. पहिल्या रांगेतल्या शिंप्याचे दोन्ही पंजे निळसर उजेडाने चकाकत होते. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, तळहाताच्या रेषा, सगळीकडे तो उजेड चिकटून बसला होता.

"पाहा," शुद्धीसर म्हणाले, "हे तुमचे सोबती. जिवंत जंतू, लाखोंनी. याच हातांनी तुम्ही लेकरांना घास भरवता. प्रयोगशाळेला हे दिसायला दोन दिवस लागतात, माझ्या दिव्याला क्षण पुरतो. कारण हा नुसता दिवा नाही, साधना आहे. जंतूंची कंपनं आणि आत्म्याची कंपनं यांचा विज्ञानाने मान्य केलेला संगम."

कोणत्या विज्ञानाने, हे कुणी विचारलं नाही. अंगात पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ. डॉक्टर म्हणावं तर डॉक्टर, बुवा म्हणावं तर बुवा. गडी दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. शिंप्याने त्यांच्याकडून विकत घेतलेल्या बाटलीतल्या 'शुद्धीजला'ने हात खसखसून चोळले, पुसले, पुन्हा दिव्याखाली धरले. उजेड गायब. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेतल्या बाईंनी टाळी वाजवली नाही. सगळी नोकरी त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली होती आणि गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातचा मार खाऊनच मोठी झाली होती. त्या इथे आल्या होत्या सुनेपायी. सून शेजारीच बसली होती, दोन्ही हात कशाला लागू नयेत म्हणून अधांतरी धरून. ते हात लाल, सालपटं निघालेले, सांध्यांवर भेगाळलेले.

बाळ जन्मल्यावर महिनाभरात त्याला छातीचा संसर्ग झाला. ते बरं झालं, पण आईच्या मनातली भीती काही बरी झाली नाही. दाराची कडी ती कोपराने उघडायची. दुधाची पिशवी साबणाने धुवायची, मग साबण धुवायची. नवरा कामावरून आला की त्याला दारातूनच थेट न्हाणीघरात धाडायची. बाईंनी आधी चेष्टा केली, मग फटकारलं. "जंतू काय तुझ्याच नावाने दबा धरून बसलेत होय?" त्यावर फक्त नळ जास्त वेळ वाहू लागला.

आज तिचे हात दिव्याखाली आले आणि सभागृहच दचकलं. शिंप्याचे हात चकाकले होते, हिचे पेटले होते.

"घरात लहान मूल आहे?" शुद्धीसरांनी हळूच विचारलं.

"दहा महिन्यांचं."

"मग ताई, तुम्हीच त्याच्या वैरी झालात. शुद्धीच्या सगळ्या बैठका पूर्ण होईपर्यंत त्याला शिवायचं नाही."

बाई ताडकन उठल्या, पुढे गेल्या आणि स्वतःचे हात दिव्याखाली धरले. काहीच दिसलं नाही. अंधारातले दोन म्हातारे हात, बस.

शुद्धीसर क्षणभर अडखळले. मग हसले. "आजींच्या मनात श्रद्धा नाही. अश्रद्धेपुढे दिवा मौन धरतो."

लोक हसले. ते हसू बाईंना झोंबलं, पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरंच काही घोळत होतं.

घरी बाळ बंद दारावर तळवे आपटून रडत होतं. दाराच्या आत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. नवरा त्याला उचलायचा, ते त्याच्या हातातून निसटून पुन्हा दाराकडे रांगायचं.

"दार उघड," बाई म्हणाल्या.

"नको आई. सरांनी सांगितलंय."

"बरं, नको उघडूस. एवढंच सांग, हॉलच्या दारात ती पोरगी सगळ्यांच्या हातावर काय पिळत होती?"

"जंतुनाशक जेल. आत जायच्या आधी लावायचं असतं." मग ती म्हणाली, "मी तीनदा घेतलं."

"आणि मी घेतलंच नाही. मी कुंड्यांत खत घालून तशीच आले होते. नखांत अजून शेणखत आहे माझ्या. त्या दिव्याला माझ्या मनातली अश्रद्धा दिसते आणि नखांतलं शेण दिसत नाही?"

 आत या वेळी नळ सुरू झाला नाही.

पुढच्या सभेला बाई सुनेला घेऊनच गेल्या. या वेळी त्यांनी दारातल्या पोरीपुढे फक्त उजवा हात केला. "डावा नको गं, तो तसाच राहू दे." दिवा लागल्यावर त्या पुढे झाल्या आणि शुद्धीसरांचा हात आपल्या उजव्या हातात घेऊन, आशीर्वाद मागितल्यासारखा, चांगला चोळला. मग म्हणाल्या, "आता दाखवा बघू माझे हात."

उजवा लखलखला, डावा काळाच राहिला.

"सर, माझा उजवा हात श्रद्धाळू आणि डावा नास्तिक आहे का? आणि तुमच्या हाताला काय झालं? तुम्ही तर पूर्ण शुद्ध ना?"

जांभळ्या उजेडात शुद्धीसरांच्या पंजावर बाईंची चारही बोटं स्पष्ट उमटली होती. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातला. "ही नकारात्मक शक्ती आहे," ते म्हणाले, पण आवाजात आता साधना उरली नव्हती.

बाईंनी पोरीच्या हातातली बाटली घेतली आणि जेलचा ठिपका टेबलावर पिळला. टेबल चकाकलं. खुर्चीच्या पाठीवर लावला, खुर्ची चकाकली. "या जांभळ्या दिव्याखाली चमकणारी रसायनं असतात. ती जेलमध्ये मिसळली आहेत. दारात लावायची, आत दाखवायची, साबणाच्या पाण्याने पुसायची. तुमचं शुद्धीजल म्हणजे साबणाचं पाणी. कुणीही जा, कोपऱ्यातल्या बेसिनवर साध्या साबणाने हात धुऊन या."

शिंपी गेला. परत आला तेव्हा दिव्याखाली त्याचे हात काळेच राहिले होते आणि तोंड लाल. तरी एक जण ओरडला, "तुम्हाला आमचं भलं का बघवत नाही?" बाई त्याला ओळखत होत्या; शाळेतही तो असाच न वाचता उत्तर द्यायचा. गोंधळात शुद्धीसर मागच्या दाराने सटकले, दिवा घेऊन. बाटली राहिली.

सून बेसिनपाशी उभी होती. तिने एकदाच हात धुतले. दुसऱ्यांदा नळाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"आई, जंतू खोटे नाहीत ना पण?"

"खोटे नाहीत. म्हणूनच जेवायच्या आधी हात धुवायचे. पण ते असे चमकत नाहीत, आणि बाळाला जवळ घेतल्याने आई वैरी होत नाही. ही भीती मात्र आजार आहे, आणि त्यावर डॉक्टर आहेत. मी ओरडून बरी करू पाहत होते. माझंच चुकलं."

डॉक्टरांकडे ती नंतर बरेच महिने गेली. भीती एका रात्रीत गेली नाही, कारण आजार असे जात नाहीत. पण त्या संध्याकाळी घरी येऊन तिने खोलीचं दार सताड उघडलं आणि बाळ रांगत तिच्या मांडीवर चढलं. तिचे हात थोडा वेळ हवेतच राहिले. मग ते बाळाच्या पाठीवर टेकले.

ज्याला तुमच्या भीतीतून फायदा होतो, तो तुमची भीती कधी कमी होऊ देणार नाही. तो अंधारात काही दाखवू लागला, की आधी दिवे लावायला सांगा.