आत्याचं उत्तर

"तुझी आत्या जेवते कधी?"

हा प्रश्न घरी, आईबाबांसमोर, मोठ्याने विचारायचा, अशी मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती.

त्याचं झालं असं. मूल्यशिक्षणाच्या तासाला बाईंनी प्रत्येकीला बऱ्यावाईटाविषयी एक प्रश्न लिहून आणायला सांगितला. तिने लिहिलं होतं, "ज्यात कुणीच दोषी नाही, असा अन्याय असू शकतो का?" बाईंनी तो फळ्यावर उतरवला आणि ती दिवसभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होती. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात 'हजर' म्हणायची. मग वादविवादात ढाल मिळाली आणि तेव्हापासून तिचं तोंड जे सुरू झालं ते बंद होईना. मैत्रिणी तिला रेडिओ म्हणायला लागल्या.

"फळ्यावरचे प्रश्न सोपे असतात गं," चष्मेवाली मैत्रीण म्हणाली. "रविवारी आम्ही प्रकल्पासाठी दिवसभर तुमच्याकडे होतो. सगळे जेवले. आत्या जेवताना काही दिसली नाही. ते विचार की घरी."

"त्यात काय एवढं?"

"मग विचार."

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी ती जेवायला बसली. टेबलाला चार खुर्च्या. तीन माणसं, आणि चौथीवर बांधणीला आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा. बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान पुढच्या खोलीत होतं, पण त्याचा पसारा घरभर फिरायचा. खळीचा वास तर उशीलासुद्धा यायचा.

तिने विचारलं.

बाबा हसले. "जेवते की. नंतर."

"नंतर म्हणजे किती वाजता?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे.

"ताईंना भूक लागली की घेतात त्या," आई म्हणाली. "त्यांना कोण अडवतंय? कितीदा म्हटलं, बसा आमच्याबरोबर. नकोच म्हणतात."

"शेवटचं कधी म्हणालीस?"

"आता काय तारखा लिहून ठेवू?"

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "हे बघ, अकरा वर्षं झाली ताईला इथे येऊन. एका शब्दानं कधी दुखावलं असेल, तर विचार तिला."

ते खरंच होतं. आत्याचा नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी महिन्याभरात तिची पेटी दाराबाहेर ठेवली. धाकटा भाऊ, म्हणजे बाबा, जाऊन तिला घेऊन आले. गल्लीत अजून लोक सांगायचे, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. या घरात तिला कुणी टाकून बोलत नव्हतं. खरं तर कुणी फारसं बोलतच नव्हतं.

पैज जिंकली होती. तरी तीन वाजता रेडिओ मागच्या खोलीत गेली.

ही खोली म्हणजे प्लायवूडची भिंत घालून दुकानातून तोडलेला तुकडा. आत्या तिथे शिवायला बसायची. छापील कागदांच्या घड्या एकावर एक ठेवून, पाठीकडून सुई घालून, त्यांचं पुस्तक करायचं. तिचे टाके इतके सारखे असत की लोकांना ते यंत्राचे वाटत.

ती जेवत होती. उभ्याने. ताट पुस्तकं दाबायच्या यंत्रावर ठेवलेलं, सुई खांद्यावर कापडात खोचलेली. दोन घास, मग एक घडी शिवायची, मग पुन्हा दोन घास.

"बस ना गं."

"बसलं की हात सुटतो कामातून."

रेडिओने तिच्या ताटातली भाजी चाखली. "ही करपलीय आत्या."

"हो का?" आत्याने आणखी एक घास घेतला आणि जरा वेळ चावून पाहिला. "असेल."

मग दोरा मेणावरून ओढता ओढता, काल कोण आलं होतं हे सांगावं तशी, ती सांगू लागली. मंगळवारी मोठ्या ग्रंथालयातल्या एक बाई दुकानात आल्या होत्या. जुनी पुस्तकं दुरुस्त करेल आणि चार मुलींना ते काम शिकवेल, असं माणूस त्यांना हवं होतं. राहायला खोलीसुद्धा देणार होत्या.

"शिवण बघून विचारत होत्या, हा हात कुणाचा. तुझे बाबा म्हणाले, आमच्या ताईचा, पण ती नाही यायची. त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत विचार करून कळवा."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी इकडे भिंतीआड होते ना, ऐकत. मला कुठे कुणी विचारलं."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. दोरा संपला, हे सांगावं तसं सांगितलं.

"पण तुला जायचंय का?"

आत्याची सुई थांबली. हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तशी ती समोरच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली.

"कळत नाही गं," ती म्हणाली. "जायचं असलं की कसं वाटतं?"

कोपऱ्यात रेडिओचाच शाळेचा फ्रॉक लटकत होता. काल उसवलेला, आज दुरुस्त झालेला. काल तिनेच तो आत्याच्या मांडीवर टाकला होता आणि वळून निघून गेली होती. फळ्यावर लिहिलेला तिचा तो सुबक प्रश्न, दोषी कुणीच नसलेला, आता तिला नीट म्हणताही येईना. दोषी होते की. तिघं होते. रोज दोन वेळा टेबलाशी बसत होते.

ती खाली बसली. आत्याने तीन घड्या शिवल्या.

"एक मात्र विचारावंसं वाटलं होतं तेव्हा," आत्या मध्येच म्हणाली. "त्या खोलीला खिडकी आहे का."

संध्याकाळी बाबा दुकान आवरत होते. आई खळीचं भांडं खरवडत होती. रेडिओ दारात उभी राहिली.

"बाबा, ग्रंथालयाचं तुम्ही आत्याला का नाही विचारलं?"

बाबांनी पुठ्ठे एकसारखे करायला घेतले. "तिच्याच भल्यासाठी. या वयात कुठे परक्या जागी जाणार ती? झेपणार आहे का तिला?" मग जरा खालच्या आवाजात, "आणि शाळांची पुस्तकं अंगावर आहेत. ती गेली तर शिवणार कोण?"

"यातलं खरं कुठलं?"

"जास्त शहाणपणा नको," आई म्हणाली. "त्या स्वतः काही बोलल्यात का?"

"नाही. आणि उद्या विचारलंत, तर नकोच म्हणेल. तुम्हाला काय ऐकायचंय ते तिला पाठ झालंय, आई."

प्लायवूडपलीकडचा दोरा ओढण्याचा आवाज थांबला होता. बाबांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, पण हाक मारली नाही.

रेडिओचा आवाज आज मोठा नव्हता. गेल्या वर्षी हजेरीला असायचा तेवढाच होता, फक्त शब्द सगळे ऐकू येत होते.

"सोमवारी मी शाळेत जाणार नाही. दहा वाजता आत्याला घेऊन ग्रंथालयात जाणार आहे. ती खोली बघेल, त्या बाईंशी बोलेल. तुमच्यापैकी कुणी बरोबर यायचं नाही, आणि मीसुद्धा दाराबाहेर थांबेन. हो म्हणायचं असेल तर ती हो म्हणेल. नाही म्हणायचं असेल, तर तेही या खेपेला तीच म्हणेल."