डब्यातलं लिंबाचं झाड

मी शेतकी शाळेत मास्तर होतो आणि रविवारी शहरातल्या शनवारा पेठेतल्या माझ्या घराच्या ओट्यावर लोक पानं दाखवायला घेऊन येत. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या तर एक दुखणं, जुनी पानं पिवळी पडली तर दुसरं. पान खोटं बोलत नाही. आणणारे बोलतात.

शहराजवळच्या जसोंडी गावच्या मालूबाईनं आणलेलं लिंबाचं पान मात्र हिरवंगार, तुकतुकीत होतं.

"याला काय धाड भरलीय?" मी विचारलं.

"झाड सुकून राह्यलं ना, मास्तर."

पुढच्या रविवारी पुन्हा तसंच देखणं पान. माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, वैद्याला दुखरा हात दाखवायचा की धडधाकट?"

"नासकं पान घेऊन मोठ्या मानसाच्या दारी कसं यावं?" ती म्हणाली. झाडावरचं सगळ्यांत चांगलं पान ती दर खेपेला तोडून आणत होती. अशा माणसापुढे डोकं आपटून उपयोग नसतो. मी सायकल काढली आणि जसोंडी गाठली.

अंगणात रॉकेलच्या डब्यात ते झाड होतं. तिच्या मुलीनं, कोकिळानं लावलेलं. कोकिळा लग्नानंतर शहरातच, इतवारा पेठेत राहायची, आठ दिवसांनी आईकडे यायची. मग छप्पन्न साली राज्यांची वाटणी झाली, आमचं शहर जुन्याच राज्यात राहिलं, पण सरकारी कचेरीतले कारकूनही वाटले गेले, आणि कारकून जावई मुंबई राज्याच्या वाट्याला जाऊन पार भंडाऱ्याला पोचला. जाताना मुलगी एवढंच म्हणाली होती, आई, झाड जगव. आता ती दिवाळीला येणार होती.

खालची पानं शिरांसकट पिवळी, लुळी. माती बोटानं उकरली तर चिखल, आणि आंबूस वास. डब्याचं भोक कधीच बुजलेलं.

"दिवसातून किती वेळा पाणी घालता?"

"मोजलं नाही वो. तिची याद आली का एक तांब्या घालते."

"मग तुम्हीच मारताय याला! मुळं कुजलीत." मी काडीनं भोक मोकळं करता करता चांगलाच तडकलो. "आता आठवड्याला एक तांब्या, थेंब जास्त नाही. नाहीतर दिवाळीला पोरीला रिकामा डबा दाखवा."

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. आणि विचारलं, "मंग बाकीच्या वक्ती मी काय करू?"

मला फार वाईट वाटलं. थोडा रागही आला, कारण मला पानातलं कळतं, यातलं नाही.

"फडकं ओलं करून पानं पुसा," मी म्हणालो. "वरून, खालून. वाटेल तितक्यांदा."

तशी काही गरज नव्हती. अपायही नव्हता.

तिनं पदराचं टोक भिजवून पिळलं, झाडापाशी बसली आणि एक पान हलक्या हातानं पुसलं. मग बाकीची मोजली.

"सतराच हायेत, मास्तर," ती म्हणाली. "दिवसभर कशी पुरतील?"