शिडी काढल्यानंतरचं गाणं

शामराव परबांना त्यांच्या पोरीने त्यांच्याच घरात, चहाचा कप हातात असताना, खोटं पाडलं. तेही प्रेमाने. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

त्याचं कारण एक सिनेमा. मेघना, त्यांची एकुलती एक, नाटकं बसवते. या वर्षी तिने 'माळ्यावरचा जावई' या जुन्या विनोदी सिनेमाचं संगीत नाटक करायला घेतलं होतं. शामराव गिरणीत बदली कामगार म्हणून लागले त्या वर्षीचा हा सिनेमा. लालबागच्या थेटरात तो किती वेळा पाहिला याचा त्यांनी कधी हिशेब ठेवला नाही. गोष्ट तशी साधी. खोली मिळावी म्हणून एक तरुण मालकाचा जावई असल्याची थाप मारतो, तेवढ्यात मालक गावाहून टपकतो, हा घाईघाईने पोटमाळ्यावर चढून लपतो आणि मालक नेमकी शिडीच उचलून घेऊन जातो. पुढे जो गोंधळ होतो तो सगळा ओळखीचा.

मेघनाने बरंच बदललं होतं. मोलकरणीच्या रंगावरचे विनोद तिने कात्री लावून काढले. सिनेमातली नायिका नुसती पदराशी चाळा करत बसायची. ती आता स्वतःच सगळा डाव रचत होती. शामरावांना ते पटलं होतं. वाचन ऐकून ते म्हणाले, "झकास केलंयस. फक्त शिडी काढल्यानंतरचं गाणं जसंच्या तसं ठेव."

"कुठलं गाणं?"

"अगं, ते नाही का, उतर रे, उतर रे…" आणि त्यांनी दोन कडवी म्हणूनच दाखवली, मांडीवर ठेका धरून.

मेघनाने लॅपटॉपवर सिनेमा लावला. सासरा शिडी घेऊन गेला, पोरगा माळ्यावरून केविलवाणा बघत राहिला, आणि पुढच्या क्षणी सकाळ. कोंबडा आरवला. गाणं नाही.

"कापलं असेल," शामराव म्हणाले.

"नाही कापलं, बाबा. निर्मात्याच्या मुलाकडची मूळ प्रत आहे ही. मी विचारलंय त्यांना. गाणी तीनच." तिने लॅपटॉप मिटला. "त्या जागी गाणं असतं तर मलाच हवं होतं. सेट बदलायचा आहे तिथे, आणि नाटक तिथेच अडतं. काहीच सुचत नाहीये."

शामरावांनी बायकोकडे पाहिलं. शांताबाईंनी भाजी निवडता निवडता हात झटकले. "माका काय विचारतास? मी तेव्हा गावाक होतंय."

संध्याकाळी मेघना त्यांच्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, एकदा दाखवून येऊ या का? परळला चांगले डॉक्टर आहेत. नुसतं बोलतात, बाकी काही नाही." गेल्या महिन्यात चाव्या फ्रिजमध्ये सापडल्या होत्या. बँकेत जाऊन, कशाला आलो ते आठवेना म्हणून ते तसेच परतले होते. या दोन गोष्टी घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, आणि म्हणूनच त्या सगळ्यांच्या डोक्यात होत्या.

शामराव घाबरले. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चाव्या, मग नावं, आणि शेवटी तो शामरावांनाच विचारायचा, तुम्ही कोणाकडे आलात? पण भीतीच्या बरोबरीने त्यांच्या मनात एक भुंगाही शिरला. गाणं नव्हतंच, तर मग हे आपल्या डोक्यात आलं कुठून? शब्द, चाल, टाळ्या, सगळं कसं? आपल्यात कवी कधी नव्हता. गिरणीच्या गेट सभेतली घोषणासुद्धा आपण दुसऱ्याची म्हणायचो.

म्हणून सकाळी ते गिरगावला निघाले. फणसवाडीत जयवंत राहायचा, पोस्टातून निवृत्त झालेला जुना मित्र. सिनेमाचा एवढा वेडा की एकेकाळी पोस्टात रजेच्या अर्जाबरोबर तिकीट दाखवायचा, असं लोक म्हणत.

"'माळ्यावरचा जावई'?" जयवंतचा चेहरा उजळला. "तीनदा पाहिला. इथेच, गिरगावात. शिडी काढतो ना तो, लोक खुर्च्यांवर उभे राहायचे रे!"

"आणि मग गाणं."

"गाणं? छे. मग सकाळ होते. कोंबडा." जयवंतने कोंबडा आरवूनही दाखवला आणि वर शामरावांच्या पाठीवर थाप मारली. "शाम्या, लेका, वय झालं आता."

शामरावांनी हसण्यावारी नेलं आणि ते जिना उतरले. चर्नी रोडकडे चालता चालता त्यांनी गाणं मनात म्हणून पाहिलं. ते होतं. अगदी जसंच्या तसं होतं. ते जितकं स्पष्ट ऐकू येत होतं तितकी त्यांना जास्त भीती वाटत होती.

घरी जायचं सोडून ते परळला गेले. राजरत्न मोहिते तिथल्या चाळीत अजून तग धरून होता. एकाच गिरणीत, पण राजरत्न रिंगमध्ये, सूत काढणाऱ्या खात्यात, आणि शामराव साच्यावर, कापड विणणाऱ्या. खाती वेगळी, डबा खायची जागाही पहिल्या वर्षी वेगळीच होती. सिनेमाची रांग मात्र एक. तिथे जमलेली दोस्ती संपानंतरही टिकली.

"जय भीम, राजा."

"जय भीम! अरे शाम्या, तू आज इकडे कसा?" राजरत्नने त्यांना ओढूनच आत घेतलं. "माया, चहा टाक गं, शामराव आलेत."

शामरावांनी खुशालीबिशाली काही विचारली नाही. खुर्चीत बसले आणि सरळ गायला लागले.

"शिडी नेली सासऱ्यानं, आता उतरशील कसा…"

"माळ्यावरच्या जावयाचा वाळला बघ घसा!" राजरत्नने पुढची ओळ उचलली, आणि मग दोघांनी मिळून, "उतर रे, उतर रे!"

शामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं डोकं शाबूत आहे याचा आनंद काय असतो, तो ज्याला ते हरवल्याची भीती वाटलीये त्यालाच कळतो. त्यांनी राजरत्नला सगळं सांगितलं. पोरीचा लॅपटॉप, कोंबडा, डॉक्टर.

"मग कापलंच असणार कोणीतरी," राजरत्न म्हणाला. "मी रोज आंघोळीला म्हणतो हे. चाळीस वर्षं. खोटं कसं असेल?"

"थांब," शामराव म्हणाले. आता त्यांना खरी उत्सुकता लागली होती. "डोळे मीट. गाणं चालू आहे. पडद्यावर काय दिसतंय?"

राजरत्नने डोळे मिटले. शामरावांनीही मिटले. दोन म्हातारे समोरासमोर बसून, चाळीस वर्षांपूर्वीच्या पडद्याकडे बघत होते.

"बाई गातेय," राजरत्न म्हणाला.

"ते मलाही ऐकू येतंय. कोण बाई? हिरॉइन?"

"नाही… तिचा आवाज असा नव्हता. हा जाड आहे, मोकळा."

"साडी कुठली?"

राजरत्नने डोळे आणखी घट्ट मिटले. "शाम्या, मला काही दिसतच नाहीये रे."

"मलाही नाही," शामराव म्हणाले. "नुसता काळोख आहे."

"काळोखच होता," दारातून आवाज आला. "रीळ यायचं होतं ना."

दोघांनी डोळे उघडले. माया चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप ठेवले, पदराला हात पुसला आणि पलंगाच्या कडेला बसली.

"सिनेमाच्या रिळांची पेटी एकच होती, भाऊ," ती शामरावांना म्हणाली. "परळचं आणि लालबागचं, दोन थेटरांत मिळून एक. परळला एक रीळ दाखवून झालं की सायकलवाला ते घेऊन लालबागला सुटायचा. आणि ते शिडीनंतरचं रीळ यायचं नेमकं गिरणीची पाळी सुटायची तेव्हा. रस्ता भरलेला. सायकल अडकायची. मग आत अंधार."

शामरावांना झटक्यात आठवलं. शिट्ट्या, पायांचा धडधडाट, विडीच्या लाल ठिणग्या. गिरगावच्या थेटराला स्वतःची पेटी होती, म्हणून जयवंतला गाणं ठाऊक नव्हतं!

"आणि गाणं?" त्यांनी विचारलं.

"गाणं माझं आहे," माया म्हणाली.

राजरत्न हसला. "काहीतरीच काय, अगं. पिक्चरचं गाणं ते."

"लग्नाच्या पहिल्या वर्षी पण हेच म्हणालात. असेच हसलात." ती रागावली नव्हती. सकाळी पाणी किती वाजता आलं ते सांगावं तशी बोलत होती. "मग मी नाही सांगितलं परत. तुम्ही रोज म्हणत होतात, म्हटलं, म्हणू दे."

राजरत्नचं हसू चेहऱ्यावरच अडकलं. शामरावांना स्वतःची लाज वाटली. आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून आपण सकाळपासून अर्धी मुंबई पालथी घातली. ही बाई चाळीस वर्षं रोज सकाळी न्हाणीघरातून आपलंच गाणं ऐकत होती. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मेघनाला म्हणाले, "तालीम बंद कर आणि ये. गाणं सापडलं. करणारीसुद्धा."

दादरहून मेघना टॅक्सी करून आली, चपला दारात भिरकावून थेट मायासमोर जमिनीवर बसली आणि तिने प्रश्नांचा भडिमारच सुरू केला. कधी? कसं? एकट्या होतात? मायाला आधी ते जड गेलं, मग तिलाही मजा यायला लागली. तिचे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे, जयंतीच्या कार्यक्रमांना ती कोरसमध्ये उभी राहायची, त्यामुळे आवाज होता. त्या दिवशी ती लालबागच्या थेटरात बहिणींबरोबर बायकांच्या बाल्कनीत बसली होती. काळोख झाला, खाली पुरुषांनी खुर्च्या हाणायला सुरुवात केली. कोणीतरी बाटली फोडली. धाकटी बहीण रडायला लागली.

"मला वाटलं आता मारामारी होणार," माया म्हणाली. "म्हणून तोंडाला येईल ते गायला लागले. त्या जावयाला चिडवत. खालचे गप्प झाले आणि मग उतर रे, उतर रे म्हणायला लागले. पुन्हा गेले तेव्हा रीळ पुन्हा अडकलं. खालून कोणी ओरडला, ओ ताई, गाणं! मग काय, सिनेमा होता तोवर जायचे."

मेघनाने कपाळावर हात मारला. "काकू, बरोबर त्याच जागी माझं नाटक अडलंय! मी सेट बदलताना काळोख करणार, आणि गाणं स्टेजवरून नाही, बाल्कनीतून. प्रेक्षकांतून!" मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, सॉरी. डॉक्टरचं रद्द करते."

"नको, जाऊ या," शामराव म्हणाले. "चाव्या फ्रिजमध्ये होत्याच की." आता त्यांना ते बोलता आलं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मेघनाने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. मायाने घसा खाकरला. आवाज थोडा चिरकला, मग मोकळा सुटला. पहिलं कडवं शिडीचं. दुसरं जेवणाचं:

"खाली शिजली बोंबलाची आमटी, वर गेला वास,
तुझ्या वाटचा आम्हीच खाऊ एक एक घास!
उतर रे, उतर रे!"

तिघेही टाळ्या वाजवत म्हणत होते. दुसरं कडवं संपलं आणि राजरत्नने सवयीने शिट्टी मारली. शामराव वाहवा म्हणाले. मेघनाने फोनकडे हात नेला.

"थांबा," माया म्हणाली. "अजून एक आहे."

"अजून?" राजरत्न म्हणाला.

"इथवर येईतो रीळ यायचं. पडदा उजळायचा, सगळे तिकडे बघायचे. तिसरं मी म्हणायचे, पण ऐकलं नाही कोणी."

आणि तिने ते म्हटलं, सावकाश, ठेका सोडून:

"हसून झालं, बास आता, ही लावली मी शिडी,
उतरताना बघ की खाली, धरून उभी कोण वेडी."

बाहेर कोणाचा तरी कुकर वाजला. मेघनाने रेकॉर्डिंग बंद केलं, मग डोळे पुसून वही नसल्यामुळे फोनवरच लिहायला लागली. "जाहिरातीत तुमचं नाव जाणार, काकू. गीत आणि चाल. काय लिहू?"

"माया राजरत्न मोहिते," राजरत्नने लगेच सांगितलं.

"नाही," माया म्हणाली. "माया तांबे लिही. केलं तेव्हा मी तांबे होते."

मेघना राजरत्नकडे बघायला लागली. शामरावांनी कपात तोंड घातलं. राजरत्नने आधी बायकोकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा बायकोकडे, पहिल्यांदाच बघावं तसं.

"तांबे लिही, पोरी," तो म्हणाला. मग खुर्ची सोडून तो पलंगावर तिच्याशेजारी जाऊन बसला. "माया, ते तिसरं पुन्हा एकदा म्हण. मला येत नाही ते."