चांदसाहेबांची दहा वर्षं

“तुमच्या धंद्याला दहा वर्षं झाली, याला पुरावा काय?” कोरेगावहून आलेल्या अव्वल कारकुनाने चांदसाहेब हकिमाला विचारलं, आणि रहिमतपूरच्या चावडीत खांबाला टेकून बसलेला मी मनातल्या मनात हसलो.

माझं काम सकाळीच आटपलं होतं. साल एकेचाळीस. सरकारचा नवा कायदा असा, की दहा वर्षं औषधपाणी करणाऱ्या वैद्य-हकिमांची नावं परीक्षेशिवाय सरकारी यादीत चढणार. बाकीच्यांनी दुकान बंद करायचं. मी तेरा वर्षांच्या रोग्यांच्या वह्या पुढे टाकल्या आणि मोकळा झालो. चांदसाहेबाकडे वही कुठली! पुडी द्यायची, कपाळाला हात लावायचा आणि ‘जावा, बरं हुईल’ म्हणायचं, ही त्याची हकिमी. तरीही त्याच्या ओट्यावर सकाळपासून बायका पोरं घेऊन बसायच्या आणि माझ्या ओट्यावर माझंच मांजर. महिनाभर माझ्याकडे खेटे घातलेला रोगी त्याच्याकडे चार दिवसांत उठून बसायचा. सांगायला लाज वाटते, पण त्याच्या दारातल्या चपला मी रोज मोजायचो.

त्याचे रोगी साक्षीला आले होते, पण सालाचं विचारलं की गाडं अडायचं.

“लय वर्सं झाली, सायेब,” नाथाजी म्हणाला. “आमचा कोसा बैल मेला न्हवं का, त्याच्या आदल्या साली यांनी माझं पोट बरं केलं.”

बैल कोणत्या साली मेला हे कारकुनाला कुठून ठाऊक असणार? तो वैतागून माझ्याकडे वळला. “वैद्यबुवा, तुम्ही याच धंद्यातले. हे हकीम कधीपासून औषध देतात?”

चांदसाहेबाने माझ्याकडे पाहिलं.

“सात वर्षं झाली असतील,” मी सावकाश म्हणालो. “फार तर आठ.”

साफ खोटं होतं. त्याने ओट्यावर पहिली बरणी मांडली तो दिवससुद्धा मला आठवत होता. अकरा वर्षं झाली होती त्याला. कारकून म्हणाला, “ठीक. जेवून येतो, मग शेरा लिहू.”

घरी ताटावर बसलो तेव्हा चांगली भूक लागली होती. “संपला हकीम,” मी बायकोला, साळूबाईला, सगळं रंगवून सांगितलं. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

“तुमचा मुदतीचा ताप कंच्या सालातला?”

“तीस सालातला. का गं?”

हा ताप गावाला माहीत होता. वैद्य स्वतःच्याच काढ्याने मरणाच्या दारातून उठला म्हणून पाच गावांत माझं नाव झालं होतं. पुढे तापाच्या प्रत्येक रोग्याला मी तोच काढा दिला. काही उठले, काही उठले नाहीत.

“तवा तुमाला सुद न्हवती,” साळूबाई म्हणाली. “काढा पोटात ठरत न्हवता. म्या चांदसायबांकडं गेले, मागल्या दारानं. त्यांचं औषिद तुमच्या काढ्याच्या वाटीतनं पाजलं, बारा दिस.”

“आणि मला आज सांगतीस?”

“त्यांनीच गळ घातली हुती. म्हनले, वैनी, वैद्यबुवास्नी कळू देऊ नगासा. धंदा बसंल त्यांचा.”

मी ताट बाजूला सारलं. अकरा वर्षं तो रोज माझ्या दारावरून गेला, हात जोडून ‘बरं हाय न्हवं, बुवा?’ म्हणाला, आणि मी ते कुत्सित समजत होतो. माझ्या बायकोने त्याच्याकडून आणलेलं आयुष्य मी त्याच्याविरुद्ध वापरत होतो. मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, त्याचे आभार मानायला हवे होते. मला फक्त संताप आला. एवढा मोठेपणा याला कुणी सांगितला होता?

चावडीत परतलो तेव्हा कारकून दौत पुढे ओढत होता.

“साहेब, सकाळी मी खोटं सांगितलं,” मी म्हणालो. “चांदसाहेब तीस सालापासून औषध देतात.”

“पुरावा?”

“रोगी हजर आहे. मीच.”

चांदसाहेब धडपडत उठला. “न्हाई सायेब, बुवांचा घोळ हुतोय. त्यांना म्या कवाच औषिद दिलं न्हाई.”

सकाळी मी त्याच्या पोटावर पाय द्यायला खोटं बोललो होतो. हा माझी अब्रू राखायला बोलत होता, स्वतःचं दुकान जात असताना. इतका हेवा मला त्याचा आजवर कधी वाटला नव्हता.

“तुमी खाली बसा, चांदसायेब,” मी म्हणालो.

कारकुनाने कागद माझ्यापुढे सरकवला. रोग्याच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, पुढे दुखणं, पुढे साल. शेवटचा रकाना रोग्याच्या धंद्याचा होता. नाथाजी मागून वाकून बघत होता. मी लिहिलं, वैद्य.