दोनदा लिहिलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवर टांगलेला नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा; आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला. आजारी कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात माझी हयात गेली. गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. मला माणसांची किळस आली आहे आणि ती का आली, तेच सांगणार आहे.

मला घडवलं इथल्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी रकाने आखले: नाव, वजन, पिंजरा क्रमांक आणि मग औषधाचे तीन, सकाळ, दुपार, संध्याकाळ. किलोमागे दोन थेंब, इतका साधा हिशेब. सकाळच्या रकान्यात त्यांनी 'वजन गुणिले दोन' असा फॉर्म्युला लिहिला आणि कोपरा धरून तो उजवीकडे ओढला. झालं! फॉर्म्युल्याबरोबर त्यातलं वजनही एक घर सरकलं आणि दुपारच्या रकान्याने शेजारचा पिंजरा क्रमांक धरला. ही खोड माझ्या जातीतच आहे, नाकारत नाही.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग 'वजन'च्या जागी त्यांनी 'वजन ते वजन' असं लिहिलं. एकच नाव दोनदा, मध्ये दोन टिंबं. पुन्हा ओढलं, तर वजन जागच्या जागी.

पिंजऱ्यांचं सगळं बघणाऱ्या मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "एकच नाव दोनदा कशाला हो बाई?"

"एकदा लिहिलं की हा घसरतो, मावशी. दोन्हीकडून बांधला की हलत नाही."

"अगदी आमच्या धाकट्यासारखा! दोनदा सांगितल्याशिवाय कानात शिरतच नाही."

पुढची सहा वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. लोक म्हणायचे, तक्ता असावा तर असा. पण माझी अवस्था काय केली ते विचारा. वजनाच्या चौकोनात कुणी 'तीन-साडेतीन असेल' असं लिहून ठेवलं. कुणी मला भडक जांभळा रंग फासला. एक महाशय तर तेलकट बोटांनीच टाइप करायचे. शी! आठवलं तरी शिसारी येते. तरीही मी गप्प राहिलो, कारण माझं वजन शाबूत होतं.

मग संचालकांचे मेहुणे कचेरी सांभाळायला आले. सगळे त्यांना पाठीमागे टापटीपराव म्हणत. टेबलावरची पेन्सिलसुद्धा तिरकी दिसली की यांना चैन पडत नसे. एके दिवशी सकाळची औषधं देऊन झाल्यावर त्यांनी मला उघडलं आणि नाक मुरडलं.

"वजन, वजन! एकच गोष्ट दोनदा? काय हा गबाळेपणा!"

कुणाला विचारणं नाही, पुसणं नाही. सकाळच्या रकान्यातलं दुसरं 'वजन' त्यांनी खोडलं, कोपरा धरला आणि सर्रकन उजवीकडे ओढलं. मी घसरलो. दुपारचं औषध आता पिंजऱ्याच्या नंबरावर ठरू लागलं. त्यांनी कागद छापला, कडा जुळवल्या आणि मावशींच्या हातात दिला.

दोन नंबरच्या पिंजऱ्यात अठ्ठावीस किलोचा धिप्पाड कुत्रा होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, चार थेंब. मावशी थबकल्या. एकतीस नंबरमध्ये ठिपकी होती, तीन किलोचं पिल्लू. तिला सहा थेंब पुरे. कागदावर होते बासष्ट.

मावशी तडक कचेरीत आल्या. "साहेब, एवढ्याशा जिवाला बासष्ट थेंब? मरेल हो ते!"

"कॉम्प्युटर चुकत नसतो, मावशी. तुम्ही कागदावर आहे तेवढं द्या."

"मी नाही देणार. तुम्हीच पाजा."

टापटीपराव इरेला पेटले. हातमोजे चढवून ते पिंजऱ्यापाशी गेले. ठिपकीने आधी त्यांचं बोट चाटलं. ते मोठ्याने मोजत थेंब सोडू लागले. चौदाव्या थेंबाला पिल्लाची मान कलली.

"थांबा!" मावशींनी त्यांच्या हातातून बाटली हिसकावली. "बाईंना बोलवा! पळा!"

टापटीपराव पळाले. बाई आल्या, पिल्लाला टेबलावर घेतलं, सुई लावली. दोन तास त्या टेबलापासून हलल्या नाहीत. टापटीपराव कोपऱ्यात उभे होते आणि त्यांच्या शर्टावर औषधाचा पिवळा डाग पडला होता. तो पुसायचं त्यांना सुचलं नाही. शेवटी ठिपकीने डोळे उघडले आणि टेबलावरच शू केली. मावशी रडत रडत हसल्या.

मित्रांनो, मला टापटीपरावांची किळस आली. पण खरं सांगू? त्याहून जास्त मला माझीच आली. तो बासष्टचा आकडा मीच दाखवला होता, सुबक अक्षरात, रेघेत रेघ. इशाऱ्याचा एवढासा लाल रंगही माझ्या अंगावर उमटला नाही. असली कसली माझी हुशारी!

बाईंनी त्याच दिवशी 'वजन ते वजन' पुन्हा लिहिलं. टापटीपराव शेजारी बसून बघत होते. "मी आधी विचारायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगतो, दुसऱ्याने केलेलं काही उगीच वाटलं, तर ते खोडण्याआधी त्याला विचारा. एका प्रश्नाने कुणाचं काही झिजत नाही.

आता ठिपकीचं वजन टापटीपराव स्वतः काट्यावर करतात. काल त्यांनी माझ्या चौकोनात चार किलो लिहिले. मी आठ थेंब दाखवले, तिन्ही रकान्यांत आठ. मावशींनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, पिंजऱ्यापाशी बसून ठिपकीकडे नीट बघितलं आणि मगच बाटली उघडली. माझ्यावर कितीही विश्वास बसला, तरी तुम्ही असंच बघत जा.